दोन्हीकडची मुले

प्रस्तावना

या पुस्तकातली कथने मणिपूरच्या तरुणांची आहेत. 3 मे 2023 रोजी त्यांच्या राज्यात यादवी पेटली तेव्हा यांतले बहुतेक जण विशीच्या अलीकडे-पलीकडे होते. कुणी बारावीच्या निकालाची वाट पाहत होते, कुणी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते, कुणाला नुकतीच पहिली नोकरी लागली होती. आज ही सगळी मुले बंगळूरच्या पूर्व टोकाला, व्हाइटफील्डमध्ये राहतात. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, कॉल सेंटरांत, ब्यूटी पार्लरांत, रुग्णालयांत आणि आयटी कंपन्यांत ती काम करतात. काही मैतेई आहेत, काही कुकी-झो. दोन्हीकडच्या मुलांचे अनुभव एकाच पुस्तकात, एकामागोमाग एक यावेत असा आग्रह सुरुवातीपासून धरला, कारण यादवीची साक्ष दोन्हीकडून घ्यावी लागते आणि ती देणारे तरुण आहेत तोवरच घ्यावी लागते. उशीर झाला की माणूस स्वतःवर गुदरलेले सांगायचे सोडून आपल्या बाजूचे सांगू लागतो.

मराठी वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. मणिपूरच्या मध्यभागी इंफाळचे खोरे आहे आणि त्याच्या सभोवती डोंगर. खोरे राज्याच्या भूभागाच्या जेमतेम दहा टक्के, पण निम्म्याहून अधिक लोकसंख्या असलेला मैतेई समाज मुख्यतः तिथेच राहतो. डोंगरांत नागा आणि कुकी-झो जमाती राहतात. डोंगरातली जमीन मैतेईंना विकत घेता येत नाही, त्यामुळे आपण दहा टक्क्यांत कोंडलो गेलो आहोत अशी त्यांची भावना आहे. विधानसभेच्या 60 जागांपैकी 40 खोऱ्यात आहेत, त्यामुळे सत्ता आणि निधी दोन्ही तिकडेच राहतात, हे डोंगरातल्या लोकांचे जुने दुखणे. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्यांत 2021 च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून आलेल्या निर्वासितांचा प्रश्न मिसळला, जंगलजमिनीवरची वस्ती हटवण्याचा वाद मिसळला, अफूच्या शेतीचा मिसळला. 27 मार्च 2023 रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने मैतेईंना अनुसूचित जमातीत घेण्याच्या शिफारशीवर विचार करावा असा आदेश राज्य सरकारला दिला. त्याला विरोध म्हणून 3 मे रोजी डोंगरी जिल्ह्यांत आदिवासी विद्यार्थी संघटनेने मोर्चे काढले. त्या दुपारी चुराचांदपूर आणि बिष्णुपूर या जिल्ह्यांच्या सीमेवर हिंसाचार सुरू झाला आणि रात्रीपर्यंत तो राजधानीत पोहोचला.

पुढच्या काही दिवसांत जे झाले त्याला दंगल म्हणून भागत नाही. दंगल काही दिवसांत शमते, शेजारी पुन्हा शेजारी राहायला येतात. इथे पोलिसांची शस्त्रागारे लुटली गेली आणि हजारो बंदुका लोकांच्या हाती गेल्या. गावांच्या वेशीवर वाळूच्या पोत्यांचे बंकर उभे राहिले. खोरे आणि डोंगर यांच्यामध्ये सुरक्षा दलांचा पट्टा आला. त्याला सगळे ‘बफर झोन’ म्हणतात. तो ओलांडणे म्हणजे जिवावर उदार होणे. 260 च्या आसपास माणसे मारली गेली, सुमारे 60,000 बेघर झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. ज्या परिच्छेदावरून वणवा पेटला तो उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्येच आदेशातून वगळला होता. तोवर घरे जळून वर्ष होत आले होते.

हा सगळा तपशील वर्तमानपत्रांतून येऊन गेला आहे. तरुणांच्या वाट्याला नेमके काय आले ते मात्र त्यात फारसे सापडत नाही, कारण बातमी मोजते ती मृत्यू आणि जळालेली घरे. वाया गेलेले वर्ष ती मोजत नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा त्या साली 7 मे रोजी होती. मणिपूरपुरती ती पुढे ढकलली गेली आणि महिन्याभराने, 6 जूनला झाली. हा महिना मुलांनी कसा काढला याचे वर्णन या संग्रहात एकाहून अधिक ठिकाणी आले आहे. शाळांच्या इमारतींत छावण्या भरल्या होत्या, इंटरनेट बंद होते, पुस्तके घरात राहिली होती आणि घर राहिले आहे की नाही ते माहीत नव्हते. तरीही ही मुले परीक्षेला बसली. कुणाला हवा तो प्रवेश मिळाला नाही, कुणी पुढे शिकणेच सोडले. घरातल्या थोरल्या मुलाने किंवा मुलीने नोकरीसाठी बंगळूर गाठायचे आणि छावणीतल्या धाकट्यांच्या फीचे पैसे पाठवायचे, ही वाटणी अनेक घरांत चर्चा न होताच झाली. यादवीत तरुण माणसाचे वय असे एका रात्रीत वाढते. कालपर्यंत ज्याच्या शिक्षणाची काळजी घरचे वाहत होते, तोच आज घरचा आधार होतो.

यातल्या एका मुलीची प्लास्टिकची फाइल मी पाहिली. आपल्याकडे दहावी-बारावीच्या मुलांकडे असते तशीच, चेनची, निळी. तीत तिची दहावीची मूळ गुणपत्रिका आहे, तिच्या कडेला पाण्याचा डाग आहे. जन्मदाखल्याची झेरॉक्स आहे. बारावीच्या गुणपत्रिकेच्या जागी मोबाइलवर काढलेल्या फोटोचा छापील कागद आहे, कारण मूळ प्रत कपाटात होती आणि कपाट घराबरोबर गेले. रात्री पळताना आईने हाताला लागेल ती फाइल उचलली, इतकेच तिला आठवते. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत तिला मूळ गुणपत्रिका मागितली गेली आणि प्रत्येक वेळी अनोळखी माणसासमोर घर जळाल्याची हकिकत सांगावी लागली. तिला दुसरी प्रत मिळण्याची वाट तरी मोकळी आहे. कुकी-झो मुलांची अडचण त्याहून बिकट आहे. मणिपूर विद्यापीठ आणि परीक्षा मंडळांची कार्यालये इंफाळला, आणि इंफाळला जाणेच त्यांना शक्य नाही. आपल्याकडे गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढायची म्हणजे चार हेलपाटे आणि एक प्रतिज्ञापत्र. इथे त्या हेलपाट्यांच्या वाटेवर बफर झोन आहे.

ही मुलगी मैतेई आहे आणि तिचे घर चुराचांदपूरला होते. याच संग्रहात एका कुकी मुलाचे कथन आहे आणि त्याचे घर होते इंफाळला. मणिपूरच्या यादवीचा आकार समजून घ्यायला ही जोडी पुरेशी आहे. तिचे बालपण ज्या गावात गेले तिथे आता फक्त त्याची माणसे राहू शकतात आणि तो ज्या गल्लीत क्रिकेट खेळला तिथे फक्त तिची. तो कुकी असूनही मैतेई भाषा सफाईने बोलतो, कारण ती त्याच्या गल्लीची भाषा होती. ती मैतेई असूनही रविवारच्या चर्चच्या घंटेने वेळ ओळखायची. व्हाइटफील्डमध्ये एका ओळखीच्या मित्रामुळे त्यांची गाठ पडली. पहिल्या भेटीत दोघांनीही एकमेकांना एकच प्रश्न विचारला: माझे घर उभे आहे का, कुणाला विचारून सांगशील?

चुराचांदपूर, ज्याला कुकी-झो लोक लमका म्हणतात, इंफाळपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. पूर्वी दीड-दोन तासांत माणूस तिथून इंफाळच्या विमानतळावर पोहोचायचा. आज बंगळूरहून लमकाला जाणारा मुलगा विमानाने मिझोरामची राजधानी ऐझॉल गाठतो आणि तिथून डोंगरी रस्त्याने दहा-बारा तास, पावसाळ्यात त्याहूनही अधिक, प्रवास करतो. इंफाळला जाणारी मुलगी थेट इंफाळला उतरते, पण तिच्या घरच्यांना नागालँडमधल्या दिमापूरकडे जाणारा महामार्ग बंद झाला, कारण तो कांगपोक्पीच्या कुकी भागातून जातो. खोऱ्यातल्या माणसाला बाहेर पडायचे तर विमान हाच भरवशाचा मार्ग उरला, आणि तिकिटाचे पैसे सगळ्यांकडे नसतात. ख्रिसमसला आणि निंगोल चाक्कौबाला, म्हणजे लेकी माहेरी जेवायला येतात त्या सणाला, ही मुले घरी का जात नाहीत असे त्यांच्या कचेरीतले सहकारी विचारतात. सुट्टीचा निम्मा वेळ वाटेतच जातो, हे त्याचे सोपे उत्तर. दुसरे उत्तर असे की जायचे तरी कुठे, आई-वडील अजून छावणीत आहेत.

काही कथने वाचताना अंगावर काटा येतो, आणि ती गाळू नयेत असे मला वाटले. 4 जून 2023 रोजी इंफाळजवळच्या इरोइसेम्बा इथे जमावाने एक रुग्णवाहिका जाळली. आत सात वर्षांचा जखमी मुलगा, त्याची आई आणि एक शेजारीण होती. वडील कुकी, आई मैतेई. रुग्णवाहिका पोलीस संरक्षणात होती. या घटनेबद्दल दोन्हीकडच्या मुलांनी लिहिले आहे, कारण मणिपुरात अशी मिश्र घरे थोडीथोडकी नव्हती. ज्यांचे आजोळ एकीकडे आणि घर दुसरीकडे, त्यांना कुठलीच छावणी आपली वाटेना. काही ठिकाणी नवरा-बायको वेगवेगळ्या राज्यांत राहतात आणि मुले दोघांना फोनवर भेटतात. दोन कुकी-झो स्त्रियांची विवस्त्र धिंड काढल्याचा जो व्हिडिओ 19 जुलैला पसरला आणि ज्याने सारा देश हादरला, त्यातली घटना 4 मे ची होती. मधले अडीच महिने इंटरनेट बंद होते. म्हणजे देशाला धक्का बसला तेव्हा मणिपूरच्या तरुणींना ती भीती बाळगून अडीच महिने झाले होते. हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा.

बंदूक हाती घेतलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न इथे टाळलेला नाही. दोन्ही बाजूंना गावाच्या राखणीसाठी तरुणांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांना ‘व्हिलेज व्हॉलंटियर’ म्हणतात. कालचा नर्सिंगचा विद्यार्थी आज रात्रभर बंकरमध्ये बसू लागला. काहींनी स्वेच्छेने बंदूक घेतली, काहींना घरटी एक माणूस द्यावाच लागला. इथे लिहिणाऱ्यांपैकी एकजण अशा पहाऱ्यावर बसलेला आहे. त्याने मोठेपणा मिरवलेला नाही आणि माफीही मागितलेली नाही. थंडी किती होती, झोप कशी यायची आणि समोरच्या बाजूला एके काळी आपल्याबरोबर फुटबॉल खेळणारा कोण बसला असेल याचा विचार मनात येऊ नये म्हणून तो काय करायचा, ते त्याने लिहिले आहे. सिएरा लिओनपासून श्रीलंकेपर्यंत जिथे जिथे यादवी झाली तिथे तिथे हत्यार पेलण्याचे ओझे आधी तरुण खांद्यांवर आले. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि वीर ठरवणे त्याहून सोपे. ते काय भोगत होते एवढे ऐकून घेणे मात्र अवघड जाते.

आता व्हाइटफील्डविषयी. ही वस्तीच मुळी हक्काचे घर शोधणाऱ्यांनी वसवली. डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांची संघटना उभी राहिली. ना गोऱ्यांत ना काळ्यांत अशी त्या समाजाची अवस्था होती. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी 1882 मध्ये त्या संघटनेला 3,900 एकर जमीन दिली आणि बंगल्यांचे, चर्चचे, गोलाकार रस्त्यांचे टुमदार गाव उभे राहिले. पुढे 1990 च्या दशकात आयटीपीएल हे आयटी कंपन्यांचे संकुल आले आणि देशभरातून माणसांचा लोंढा लागला. आम्ही मराठी माणसे त्याच लोंढ्याबरोबर इथे आलो. कृष्णराजपुरम ते कडुगोडी ही मेट्रो 25 मार्च 2023 रोजी सुरू झाली. इंफाळच्या न्यायालयाचा आदेश त्यानंतर दोनच दिवसांनी आला. त्या उन्हाळ्यात व्हाइटफील्डला आलेल्या कितीतरी मणिपुरी मुलांनी ही मेट्रो नवीकोरी पाहिली. तिच्या डब्यात मैतेई आणि कुकी शेजारी-शेजारी उभे राहू शकत होते. त्यांच्या स्वतःच्या राज्यात तशी एकही बस उरली नव्हती.

म्हणून हे शहर त्यांना आपलेसे वाटते का? नेहमीच नाही. ङारी, म्हणजे आंबवलेली मासळी, दोन्हीकडच्या स्वयंपाकात लागते. ती शिजवली म्हणून खोली सोडावी लागलेली मुले दोन्हीकडची आहेत. रस्त्यावर ‘चिनी’ म्हणून हाक मारणारा मैतेई कोण, कुकी कोण ते विचारत नाही. 2012 च्या ऑगस्टमध्ये आसामच्या कोक्राझारमधल्या हिंसाचारानंतर बंगळुरात अफवा उठली की ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार. स्वातंत्र्यदिनापासून तीन-चार दिवसांत हजारो तरुण रेल्वे स्टेशनवर गोळा झाले, गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या आणि सरकारला एसएमएसवर मर्यादा घालावी लागली. तेव्हा माणसे भीतीने घराकडे पळाली. 2023 मध्ये घरातून पळून इथे आली. बारा वर्षांच्या आत एकाच शहराने हे दोन्ही प्रवास पाहिले आहेत, आणि आपण शेजारी म्हणून दोन्ही वेळा त्यांना काय दिले याचा विचार करायला हवा.

दुरून यादवी जगणे हाही एक वेगळाच अनुभव आहे आणि या पुस्तकात तो भरभरून आला आहे. 3 मे नंतर मोबाइल इंटरनेट जवळजवळ पाच महिने बंद राहिले. सप्टेंबरात सुरू झाले आणि तीन दिवसांत पुन्हा बंद झाले. इथे कॉल सेंटरच्या हेडफोनवर दिवसभर परक्या ग्राहकांशी बोलणाऱ्या मुलीला आईशी बोलायला मिळत नव्हते. फोन लागला तर आई ‘सगळे बरे आहे’ एवढेच म्हणायची, आणि नेमके काय झाले ते कळायला दुसऱ्या गावातून आलेला माणूस गाठावा लागायचा. दोन-दोन दिवस जुन्या बातमीवर रडायचे आणि रात्री शिफ्टला जायचे. जो प्रत्यक्ष आगीत असतो त्याला पळायचे असते, लपायचे असते, काहीतरी करायचे असते. जो दूर असतो त्याच्या हाती फक्त फोन असतो. आपण सुखरूप आहोत याचीच या मुलांना शरम वाटते, आणि ती त्यांनी दडवलेली नाही.

मराठी वाचकाने हे का वाचावे? मणिपूरशी आपला संबंध दूरचा नाही. इंफाळला शिकणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांना मे 2023 मध्ये खास विमानाने परत आणावे लागले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये तीन माजी न्यायमूर्तींची समिती नेमली, तीत मुंबई उच्च न्यायालयाच्या शालिनी फणसळकर-जोशी होत्या, आणि तपासावर देखरेख ठेवण्यासाठी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांची नेमणूक झाली. पण खरे कारण याहून जवळचे आहे. मराठवाड्याने यादवी पाहिली आहे. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेली मुले नागपूर विद्यापीठात येऊन शिकली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतले एक. दहा वर्षांनी रझाकारांच्या छळाने गावेच्या गावे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आली. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाची राजवट संपली, आणि त्यानंतर सुडाची लाट आली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या लाटेत किमान 27,000 ते 40,000 माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदवला. बळी बहुतांशी मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल 2013 पर्यंत सर्वसामान्यांच्या हाती आला नाही.

पासष्ट वर्षे ही एका माणसाच्या आयुष्याएवढी असतात. 1948 मध्ये जी मुले सोळा-सतरा वर्षांची होती, ती तोवर ऐंशी पार करून गेली होती किंवा नव्हतीच. रझाकारांनी छळलेल्या घरातली मुले आणि नंतरच्या कत्तलीतून वाचलेली मुले यांची कथने एका पुस्तकात शेजारी-शेजारी आली असती, तर आपल्या गावांनी स्वतःला वेगळे ओळखले असते. एका बाजूचे दुःख पाठ्यपुस्तकात गेले आणि दुसऱ्या बाजूचे घरात दबक्या आवाजात राहिले. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी संशयाच्या रूपाने मोजली. मणिपूरच्या मुलांना तेवढी वाट पाहायला लावू नये, हे आपल्याइतके कुणाला कळणार?

वाचताना एक विनंती. एक कथन वाचून थांबू नका. पहिले वाचून राग येईल आणि तो रास्तच असेल. दुसरे वाचल्यावर त्या रागाला जागा शोधावी लागेल. ही मुले एकमेकांना दोषमुक्त करत नाहीत, ‘झाले गेले विसरू’ असेही म्हणत नाहीत. न्याय दोघांनाही हवा आहे, आणि कुणी काय केले ते नावानिशी न्यायालयापुढे यावे असे दोघांचेही म्हणणे आहे. पण ज्याने घर जाळले तो आणि त्याच जमातीचा मेट्रोत भेटणारा मुलगा हे दोघे वेगळे आहेत, एवढे त्यांनी व्हाइटफील्डमध्ये राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मणिपुरात उद्या जे काही जोडले जाईल ते जोडायला हीच माणसे लागतील, कारण दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलण्याचा सराव आज फार थोड्यांना उरला आहे.

आणि वाचून झाल्यावर करण्यासारखी कामे आहेत. भाड्याने खोली देताना राज्य आणि चेहरा पाहू नका. तुमच्या कचेरीत नोकरीसाठी येणाऱ्या मुलाकडे मूळ गुणपत्रिका नसेल तर दारातून परत पाठवू नका, विद्यापीठाकडे तुम्हीच पडताळणीची चौकशी करा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी विस्थापित विद्यार्थ्यांसाठी जागा आणि वसतिगृहे द्यावीत. नागपूरने 1938 मध्ये निजामाच्या संस्थानातून हाकललेल्या मुलांना दारे उघडली होती, तेव्हा हे आपल्याला अशक्य नाही. आणि ही मुले बोलू लागली तर ‘तू कुठल्या बाजूचा?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. परीक्षेचे काय झाले, धाकटी बहीण आता कितवीत आहे, आई-वडील कुठे राहतात, हे विचारा. या पुस्तकातली सगळी कथने अशाच प्रश्नांच्या उत्तरांतून लिहिली गेली आहेत, आणि अजून न लिहिलेली हजारो कथने अशाच एखाद्या प्रश्नाची वाट पाहत आहेत.

व्हाइटफील्ड, बंगळूर